जर्मनीत बाळंतपण आणि विम्यातून घरकामाची मदत: या चुका टाळा

फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, गोव्यातल्या मराठी घरात लेकीचं बाळंतपण ही माहेरची जबाबदारी. लेक जर्मनीत असली तरी पहिला बेत तोच होतो: आई जाईल, उकड्या तांदळाची पेज करील, न्हाऊ-माखू घालील, सव्वा महिना घर सांभाळील. तिथल्या आरोग्यविम्यातून घरकामाला माणूस मिळू शकतो, हे पुष्कळांना आईचा व्हिसा अडकल्यावर कळतं. तोवर बाळ चार दिवसांचं झालेलं असतं आणि नवऱ्याची सुट्टी संपत आलेली असते.

या मदतीला जर्मनमध्ये हाउसहाल्ट्सहिल्फे म्हणतात. सरकारी आरोग्यविम्याच्या, म्हणजे गेझेट्सलिखे क्रांकेनकासेच्या (पुढे नुसतं कासे) विमाधारक बाईचा तो हक्क आहे. आधार आहे पाचव्या सामाजिक संहितेचं कलम 24 एच. अट दुहेरी: गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे बाईला घर चालवता येत नाही, आणि घरात राहणारं दुसरं कुणी ते चालवू शकत नाही. या दोन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट आल्या नाहीत की अर्ज अडतो.

पहिलटकरणीला ही मदत नाही असं समजणं

कासेच्या फॉर्मवर घरात 12 वर्षांखालचं मूल आहे का, असा रकाना असतो. पहिलं बाळंतपण असलेल्या मुली तो वाचून फॉर्म बाजूला ठेवतात. हा रकाना कलम 38 साठी, म्हणजे आजारपणातल्या मदतीसाठी आहे. बाळंतपणाच्या मदतीला घरात मोठं मूल असण्याची अट नाही. दोन्हींचा फॉर्म बहुधा एकच असतो, म्हणून कारणाच्या चौकटीत श्वांगरशाफ्ट (गरोदरपण) किंवा एन्टबिंडुंग (प्रसूती) यांवर खूण करा. चुकून आजारपणावर खूण केलीत तर अटी कडक होतात, शिवाय दिवसाच्या खर्चाचे 10 टक्के, किमान 5 आणि कमाल 10 युरो, स्वतः भरावे लागतात. बाळंतपणाच्या मदतीत हा वाटा नसतो.

कलमात गरोदरपणाचंही नाव आहे, हे विसरू नका. वेळेआधी कळा येतात म्हणून डॉक्टरांनी सातव्या महिन्यात पडून राहायला सांगितलं, तर अर्ज तेव्हाही करता येतो.

नवऱ्याच्या विम्यावर वेगळा हप्ता न भरता नाव असलेली बायकोही पात्र असते. खाजगी विम्याचं तसं नाही. तिथे करारात ही मदत लिहिलेली असेल तरच मिळते, आणि व्हिसासाठी घेतलेल्या स्वस्त प्रवासी विम्यात ती धरूच नये. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्यांनाही हेच लागू: पासपोर्टमुळे राहण्याचा हक्क मिळतो, मदत मात्र कासेच्या सभासदत्वावर मिळते.

प्रमाणपत्रात "विश्रांतीची गरज" एवढंच येणं

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. प्रमाणपत्र डॉक्टर देतात, आणि बाळंतपणासाठी बहुतेक कासे हेबामेचं, म्हणजे तिथल्या प्रशिक्षित सुईणीचंही मान्य करतात. पण घाईच्या वॉर्डात डॉक्टर एक ओळ लिहून मोकळे होतात. कासेतला कारकून त्या ओळीवरून तास ठरवू शकत नाही, आणि मग तो माहिती मागवतो किंवा नकार देतो.

प्रमाणपत्रात चार गोष्टी हव्यात. कारण: सिझेरियनची जखम, खोल फाटलेले टाके, जास्त रक्तस्राव होऊन आलेला पांडुरोग, जुळी, स्तनाची सूज, प्रसूतीनंतरचं नैराश्य, जे खरं असेल ते. त्यामुळे काय जमत नाही: वजन उचलणं, जिने चढणं, उभं राहून स्वयंपाक, कपडे धुणं. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. आणि दिवसाला किती तास, आठवड्याला किती दिवस. "रोज 4 तास, सोमवार ते शुक्रवार, 3 आठवडे" असं लिहिलेलं असलं की हिशेब सोपा होतो. हे सगळं बाळंतपणामुळे आहे, हा उल्लेखही हवा. नुसत्या निदानाचं नाव लिहिलं तर कासे त्याला साधं आजारपण धरून वर सांगितलेल्या कलम 38 कडे वळवते.

लिफ्ट नसलेला तिसरा मजला ही बारीक वाटणारी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. टाके असलेल्या बाईचा बाजारहाट त्यावरच अडतो.

मुदत संपत आली आणि तब्येत सुधारली नसेल, तर नवं प्रमाणपत्र आधीची मंजुरी संपण्यापूर्वी पोचवा. मध्ये खंड पडला की नव्यानं अर्ज करावा लागतो.

नवऱ्याचे तास न लिहिणं

"नवरा नोकरी करतो" एवढ्यावर भागत नाही. सकाळी 7:30 ला निघतो, संध्याकाळी 6 ला परततो, प्रवास धरून एवढे तास घरात कुणी नाही, असं लिहा आणि जमल्यास कंपनीचं पत्र जोडा. तो पालकत्वाच्या रजेवर म्हणजे एल्टर्नत्साइटवर किंवा पगारी सुट्टीवर असेल, तर त्या दिवसांत घरात माणूस आहे असंच धरलं जातं. म्हणून पहिले दहा दिवस त्याची सुट्टी आणि त्यानंतर विम्याची मदत, असा क्रम लावलेला बरा. घर सांभाळायला त्यानं बिनपगारी रजा घेतली तर बुडालेला पगार कासे भरून देऊ शकते. ते आधी विचारून, लेखी घेऊन करा.

आईचं येणं आणि विम्याची मदत एकात एक गुंतवणं

इथला नियम नीट समजून घ्यावा. रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या दुसऱ्या पायरीपर्यंतच्या माणसाला कासे तासांचे पैसे देत नाही. त्यात आई, सासू, आजी, बहीण, नणंद, भावजय सगळ्या आल्या. त्यांच्यासाठी फक्त आवश्यक प्रवासखर्च आणि बुडालेला पगार मिळू शकतो, तोही बाहेरचा माणूस ठेवण्याच्या खर्चाच्या प्रमाणात असेल तर. श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या बहिणीनं बिनपगारी रजा घेतली तर हे उपयोगी पडतं. गोव्याहून येणाऱ्या आईच्या विमानतिकिटाचा हिशेब मात्र यात धरू नका.

मग मावशी, आत्या किंवा चुलत बहीण चालेल असं कुणीतरी सुचवतं, कारण ही नाती दुसऱ्या पायरीपलीकडची. कासेच्या नियमात ती बसतातही. पण गोव्याहून पाहुणी म्हणून आलेल्या मावशीला शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, पैसे घेऊन काम करण्याची परवानगी नसते. तिच्या नावानं तासांचं बिल लावलंत तर पुढच्या व्हिसाला तिलाच त्रास होईल.

आई येणार असेल तर तिच्या मुक्कामाच्या तारखा फॉर्मवर खऱ्या लिहा, आणि ती पाहुणी आहे, त्या घरात कायम राहत नाही, हेही लिहा. तिला गुडघेदुखी असेल, जर्मन येत नसल्यानं दवाखाना किंवा मोठ्या मुलाची बालवाडी सांभाळता येत नसेल, तर तेही नमूद करा. सर्वांत निर्विवाद अर्ज तो, ज्यात मदत आई पोचण्यापूर्वीच्या किंवा परतल्यानंतरच्या दिवसांसाठी मागितलेली असते.

शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि मोजणी उतरल्या दिवसापासून सुरू होते. प्रसूतीच्या महिनाभर आधी आई पोचली तर बाळ दोन महिन्यांचं होताना ती परतते. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण 45 पर्यंतही जाऊ शकतात. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. गोव्यात एक अडचण हमखास येते: लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं, कारण लग्नात नाव बदललेलं. आईचा विवाहदाखला जोडला की दोन्ही नावांचा दुवा लागतो. त्याची प्रत तालुक्याच्या नोंदणी कार्यालयातून आधीच काढून ठेवा.

सामानात साजूक तूप, खवा, पेढे टाकू नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. सुके बांगडे मात्र नेता येतात, सुक्या मासळीला माणशी 20 किलोपर्यंत मुभा आहे. आणि धुरी घरात नकोच: तिथल्या फ्लॅटमध्ये धूरसूचक यंत्रं सक्तीची असतात, आणि धूर बाळाच्या छातीलाही चांगला नाही.

आधी माणूस लावणं, नंतर अर्ज

मंजुरीपूर्वीचा खर्च कासे सहसा परत देत नाही. बाळ अचानक लवकर आलं तर त्याच दिवशी फोन करा, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा, आणि फॉर्म कासेच्या अॅपवरून लगेच पाठवा.

मंजुरी मिळूनही माणूस न मिळणं हे आजचं खरं दुखणं आहे. कारितास, डियाकोनी यांसारख्या सेवाभावी संस्थांकडे फामिलियनफ्लेगे नावाची, घरी येऊन कुटुंबाला मदत करण्याची सेवा असते. सातवा महिना लागताच दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: तुमचा आमच्या कासेशी करार आहे का? करार असेल तर संस्था थेट कासेला बिल लावते. नसेल तर फरक तुमच्या खिशातून जातो.

कुणीच मोकळं नसेल तर ओळखीची बाई किंवा शेजारीण ठेवता येते, पण कासेला आधी तसं कळवा. तिच्यासाठी कासे तासाला ठरावीक दर देते, आणि तो संस्थेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. पैसे बँकेतून द्या, रोजची तारीख, तास आणि सही असलेला तक्ता ठेवा. रोख दिलेले पैसे सिद्ध करता येत नाहीत. नियमित पगार देणार असाल तर मिनीजॉब केंद्राकडे, म्हणजे छोट्या नोकऱ्यांची नोंद घेणाऱ्या कार्यालयाकडे, नोंदणी करायला हवी, त्यात तिचा अपघातविमाही येतो.

हेबामेकडून घरकामाची अपेक्षा

हेबामे बाळाचं वजन, नाळ, टाके, स्तनपान पाहते. पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते आणि त्यानंतर बाळ 12 आठवड्यांचं होईपर्यंत आणखी 16 वेळा. तो खर्चही कासेचाच, पण हक्क वेगळा. एक घेतल्यानं दुसरा कमी होत नाही. हेबामे दुर्मीळ असल्यामुळे गरोदरपणाची खात्री होताच शोधायला लागा. घरकामाची मदतनीस स्वयंपाक, बाजार, कपडे, झाडलोट आणि मोठ्या मुलाचं बघते. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं तिच्या कामात नाही. वरण-भात किंवा पेज हवी असेल तर कृती जर्मनमध्ये मापासकट लिहून स्वयंपाकघरात लावा.

नेदरलँड्सची पद्धत याहून निराळी. तिथे मूळ विम्यातच क्रामझोर्ख, म्हणजे बाळंतिणीची घरी येऊन घेतलेली काळजी, असते: प्रसूतीनंतरच्या 8 दिवसांत किमान 24 तास, गरजेनुसार 10 दिवसांत 80 तासांपर्यंत. तासाला थोडी रक्कम आपण भरायची. नाव नोंदवायला चौथा महिना उलटू देऊ नका. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेची सुईण घरी येते, घरकामाला माणूस मात्र मिळत नाही.

नकाराचं पत्र आल्यावर गप्प बसणं

कासेनं 3 आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो, वैद्यकीय तज्ज्ञांचं मत घेतलं तर 5 आठवड्यांत. उशीर होत असेल तर लेखी विचारा. नकार आला तर पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे हरकत, दाखल करा. साधा ईमेल ग्राह्य नसतो. सही केलेलं पत्र नोंदणीकृत टपालानं पाठवा, फॅक्स करा, किंवा कासेच्या कार्यालयात जाऊन तोंडी नोंदवून घ्या. आधी मुदतीत दोन ओळींची हरकत पाठवायची आणि कारणं मागाहून द्यायची, हेही चालतं. कारणांत नकारातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्या आणि डॉक्टरांचं नवं, सविस्तर प्रमाणपत्र जोडा. हरकतीला फी लागत नाही. ती फेटाळली गेली तरी त्यानंतर सोत्सियालगेरिष्ट या सामाजिक न्यायालयात एका महिन्यात जाता येतं, आणि विमाधारकाला तिथेही कोर्ट-फी नसते. दरम्यान लावलेल्या मदतनिसाचे तास आणि बिलं रोजच्या रोज लिहीत राहा. निकाल बाजूनं लागला तर हिशेब त्याच कागदांवरून होतो.