शाळेबाहेरचं मूल बाकापर्यंत कसं आणावं

शाळेत न जाणाऱ्या मुलाच्या घरी गेलात की ‘शाळेत का पाठवत नाही?’ असं विचारू नका. तो जाब वाटतो आणि उत्तरही ठेवणीतलं मिळतं: ‘त्याला आवडतच नाही.’ त्यापेक्षा मुलाचा कालचा दिवस विचारा. कधी उठला, धाकट्याला कोणी सांभाळलं, दुपारी कुठे होता? खरं कारण बहुतेकदा तिथेच सापडतं.

आधी मुलं शोधा. नुसत्या पटावर विसंबू नका. पटावर नाव असूनही महिनोन्महिने न येणारी मुलं असतातच. दिव्यांग मुलं तर मोजणाऱ्याच्या नजरेलाही पडत नाहीत. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ या प्रश्नाला लाजेपोटी किंवा भीतीपोटी ‘नाही’ येतं. म्हणून युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुप (अपंगत्वाची मोजणी कशी करावी, यावर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट) यांनी २०१६ मध्ये आणलेल्या प्रश्नावलीची रीत उचला. त्यात ‘अपंग’ हा शब्दच टाळलेला आहे. चष्मा लावून दिसायला अडचण येते का? बरोबरीच्या मुलांच्या मानाने शिकायला, लक्षात ठेवायला जड जातं का? उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडी अडचण, खूप अडचण, जमतच नाही. शेवटच्या दोहोंपैकी एक आलं की तपासणी करून घ्या. पण तपासणीच्या कागदासाठी प्रवेश अडवून ठेवू नका.

मग मुलाबरोबर घरापासून बाकापर्यंत एकदा जा. सगळ्यात जास्त उमगतं ते इथे. मोजपट्टी बरोबर असू द्या. पायरी १५ सेंटीमीटर उंच असेल तर उतार निदान १८० सेंटीमीटर लांब हवा. एकास बारा हे प्रमाण. त्याहून चढा उतार केला तर व्हीलचेअर मुलाला स्वतः चढवता येत नाही, मग तो उतार नुसता फोटोपुरता.

स्वच्छतागृह तर बघाच. एक मुलगा शाळेत दिवसभर पाण्याचा घोट घेत नसे. कारण त्याच्या आईने सांगितलं: दार आत उघडायचं, व्हीलचेअर आत गेली की ते लागायचंच नाही. बिजागऱ्या काढून दार बाहेर उघडेल असं बसवलं, भिंतीला धरायला एक दांडा लावला. काम अर्ध्या दिवसाचं होतं, पण तोवर ते कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

वर्ग वयाप्रमाणे मागा. दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवलंत तर ती आठवड्यात पळ काढेल. बरोबरीच्या मुलांत बसवा आणि मागे पडलेलं भरून काढायला रोज वेगळा तास ठेवा.

‘आमच्याकडे सोय नाही, विशेष शाळेत न्या,’ असं ऐकावं लागेल. डिसेंबर २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराचं कलम २४ सांगतं, की अपंगत्वामुळे मुलाला सर्वसाधारण शिक्षणातून वगळता येत नाही. वाजवी सोय नाकारणं हाही याच कराराप्रमाणे भेदभाव आहे. तुमच्या देशाने करार मान्य केला आहे का आणि त्यावर कायदा कोणता, ते पाहून ठेवा. नकार लेखी मागा. लेखी म्हटलं की बरेचदा सूर बदलतो.

शिक्षकांशी बोलताना नेमकं सांगा. ‘जरा लक्ष द्या’ यातून काहीच होत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलासमोर खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. खुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलाला ती भाषा येणारं माणूसच हवं, पुढचा बाक देऊन भागत नाही. कमी दिसणाऱ्याला १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरांत छापलेला मजकूर द्या. ब्रेल पाटीवर लिहिताना ठिपके उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून वाचतात. शिक्षकाने स्वतःचं नाव एकदा असं लिहून पाहावं. मुलाला जास्त वेळ का लागतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

प्रवेशानंतरचा पहिला महिना नाजूक असतो. सलग दोन दिवस गैरहजेरी दिसली की त्याच संध्याकाळी घरी जा. शेजारच्या बाकावरचं मूलही बरोबर न्या, त्याच्या वहीसकट.