तुटपुंज्या बजेटचं स्वयंपाकघर: पैसे नेमके कुठे गळतात? या चुका टाळा

वर्षभराचा खाण्याचा खर्च ठरलेल्या रकमेत बसवायचा म्हटलं की पहिली काटछाट होते ती दुकानात. स्वस्तातलं पाकीट घ्यायचं, मोठं पोतं उचलायचं, सवलतीचा माल आणायचा. पैसे मात्र गळतात बहुधा घरी आल्यावर. कडधान्य शिजतच नाही, पिठाला खवट वास येतो, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात एखादा डबा आंबून जातो. म्हणून भाव मोजायचा तो पोटात गेलेल्या किलोचा. खालच्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

महिन्याला चार आठवडे धरणं

ही चूक कागदावरची आहे आणि सगळ्यात महाग पडते. समजा, खाण्यासाठी वर्षाला १२,००० आहेत. महिन्याला १,००० झाले, म्हणून आठवड्याला २५० धरले. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. आठवड्याला २५० प्रमाणे वर्षाचे १३,००० होतात, म्हणजे पूर्ण एका महिन्याचे पैसे कमी पडतात. बरं, ही तूट एकदम दिसतही नाही. दर महिन्याच्या शेवटी दोन-तीन दिवसांची ओढाताण होते आणि दोष महागाईला दिला जातो.

बरोबर आकडा १२,००० भागिले ५२, म्हणजे साधारण २३०. तोही सगळा खर्चायचा नाही. २१० आठवड्याच्या बाजाराला आणि २० बाजूला, एखादी टिकाऊ वस्तू खरोखर स्वस्त मिळाली तर घेण्यासाठी. ही वेगळी रक्कम नसेल, तर स्वस्त माल समोर असूनही घेता येत नाही. किंवा घेतला जातो आणि त्या आठवड्याच्या भाजीला पैसे उरत नाहीत.

वर्षातून एकदाच येणारे खर्च (विमा, फी, दुरुस्त्या) हेही १२ने भागून दर महिन्याला बाजूला काढा. नाहीतर त्यांचा पहिला फटका किराण्यालाच बसतो.

वापर न मोजता घाऊक खरेदी

घाऊक माल स्वस्त असतोच, पण तो खराब होण्याआधी संपला तर. आपल्याला वर्षाला काय किती लागतं, हे अंदाजाने सांगता येत नाही. मोजायची रीत मात्र सोपी आहे. डबा भरला की झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावा, तिच्यावर तारीख आणि वजन लिहा. डबा संपला की पुन्हा तारीख लिहा. ५ किलो पीठ २४ दिवसांत संपलं, तर वर्षाला ३६५ भागिले २४ गुणिले ५, म्हणजे सुमारे ७६ किलो. अशा तीन-चार नोंदी झाल्या की खरेदीची यादी आपोआप तयार होते.

त्यातही प्रत्येक वस्तूचं आयुष्य वेगळं. पांढरा तांदूळ कोरडा आणि बंद डब्यात असेल, तर वर्षभर खुशाल राहतो. कोंड्यासकट दळलेल्या पिठात मात्र धान्यातलं तेल असतं. ते हवेशी संयोग पावून खवट होतं, म्हणून असं पीठ महिनाभर पुरेल एवढंच घ्यावं. कुटलेल्या मसाल्यांचा वास हळूहळू उडतो आणि मग दुप्पट मसाला घालावा लागतो. मसाल्याचं मोठं पाकीट ही जवळपास कधीच बचत नसते.

धान्यात किडे दिसले तर खूपदा त्यांची अंडी दुकानातूनच आलेली असतात. नवीन पाकीट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड धान्यावर दव धरतं. धान्य खोलीइतकं कोमट झाल्यावरच डब्यात भरा. नवा माल जुन्यावर ओतणं टाळा. डबा रिकामा करा, पुसा, कोरडा करा, मगच भरा.

कडधान्य शिजत नाही, शिजलं तर बाधतं

कमी पैशांत प्रथिनं मिळवायला सुकं कडधान्य हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. ५०० ग्रॅम सुक्या राजम्याचा शिजून सव्वा किलोच्या आसपास ऐवज होतो. ४०० ग्रॅमच्या डबाबंद राजम्यातलं पाणी काढलं की हाती २४० ग्रॅम उरतो. म्हणजे अर्धा किलो सुका राजमा पाच डब्यांच्या तोडीचा. इथे लोक कंटाळतात ते शिजवण्याला, आणि तेही तीन-चार ठराविक कारणांमुळे.

रीत अशी. ५०० ग्रॅम राजमा निवडून धुवा. दोन लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून ८ ते १२ तास भिजत घाला. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं. मिठाने कडधान्य टणक होतं ही समजूत उलटी आहे. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. हे पाणी फेकून द्या, दाणे धुवा, दाण्यांच्या वर चार-पाच सेंटिमीटर येईल एवढं ताजं पाणी घाला.

मग भांडं खळखळून उकळायचं, किमान १० मिनिटं, आणि खात्री हवी असेल तर ३०. ही पायरी गाळू नये. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात तापमान उकळीपर्यंत पोहोचलं नाही, तर हे विष उरतं, उलट कच्च्यापेक्षा वाढतंही. आधी चुलीवर उकळी, मगच ते भांडं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जातं, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. फक्त कडधान्याला कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, कारण फेस झडपेत अडकतो.

शिजलं की नाही हे एका दाण्यावरून ठरवू नका. तळातून, मधून, कडेवरून असे पाच दाणे घ्या आणि जीभ टाळूला दाबून बघा. पाचही विरघळले पाहिजेत. एक जरी मधोमध खडूसारखा लागला, तरी भांडं परत आचेवर.

तासभर उकळूनही दाणा टणकच असेल, तर आधी आंबट काय घातलंय ते आठवा. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतल्या आम्लामुळे साल मऊ होणं थांबतं. ते दाणा पूर्ण शिजल्यावरच घालायचं. दुसरं कारण जड पाणी. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल, तर तुमचं पाणी जड आहे. अशा वेळी भिजवणाच्या पाण्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा घाला. त्याहून जास्त नको. चव साबणासारखी होते, दाण्याचा लगदा होतो आणि थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होतं. तिसरं कारण जुना माल. उष्ण, दमट जागी फार काळ पडून राहिलेला दाणा सोड्यालाही दाद देत नाही. म्हणून ज्या दुकानात माल भराभर खपतो तिथून घ्यावा, भाव किंचित जास्त असला तरी.

आठवड्याचं एकदम रांधून ठेवणं

एकदम शिजवल्याने इंधन वाचतं, पण दोन ठिकाणी घात होतो. पहिला, फ्रिजमधलं शिजवलेलं अन्न तीन-चार दिवसच चांगलं राहतं. सात दिवसांचं करायचं असेल तर अर्धं त्याच दिवशी फ्रीझरमध्ये जायला हवं. दुसरा घात चवीचा. एकच रस्सा पाचव्यांदा समोर आला की बाहेरचं खाणं होतं, आणि तिथे आठवड्याची बचत जाते. उपाय म्हणजे दाणे फक्त मिठावर शिजवायचे, २४० ग्रॅमच्या वाट्यांनी पिशव्यांत भरून चपटे गोठवायचे. एका वाट्याचं सूप, दुसऱ्याचा भात, तिसऱ्याचं कोशिंबिरीसारखं काहीतरी. फोडणी आणि आंबटगोड त्या-त्या दिवशी ठरवायचं.

भाताची गोष्ट वेगळी, आणि ती हलक्यात घेऊ नये. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवण्याऐवजी ताटात पातळ पसरा, तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकावा लागतो. तो वाचवून आजारपण घेणं परवडत नाही.

आच मोठी ठेवणं

पाणी उकळलं की त्याचं तापमान समुद्रसपाटीला १०० अंशांवर थांबतं. आच कितीही वाढवली तरी बटाटे लवकर शिजत नाहीत, फक्त वाफ जास्त निघते. उकळी आली की उकळी टिकेल एवढीच आच ठेवा आणि झाकण घाला. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर दिसत असेल तर तेवढं इंधन हवेत चाललंय. भात शिजायला थोडी कसर असताना आच बंद करून झाकलेलाच १० मिनिटं ठेवा, उरलेलं काम वाफ करते.

बिघडलं की खोटे उपाय करणं

पदार्थ खारट झाला की बटाटा घालतात. बटाटा रस्सा शोषतो, पण मिठासकट. उरलेल्या रश्शाचा खारटपणा तेवढाच राहतो. खरा उपाय एकच: बिनमिठाचा ऐवज वाढवायचा. पाणी, शिजलेले बिनमिठाचे दाणे, भात, काहीही. वाढलेला भाग गोठवून टाका.

तळ लागला तर ढवळू नका, खरवडू नका. वरचा भाग हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता आणि चाखा. करपट वास नसेल तर जेवण वाचलं.

बटाटे आणि कांदे एकाच टोपलीत ठेवू नका, बटाट्यांना लवकर मोड येतात. बटाटे अंधारात, कांदे खेळत्या हवेत. हिरवट पडलेला बटाटा कडू लागला तर खाऊ नये, त्यातलं सोलॅनिन शिजवून जात नाही. ब्रेडच्या एका चकतीवर बुरशी दिसली तर फक्त तेवढा भाग कापून उपयोग नाही, तिचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात.

आणि काटछाट करताना तेल, डाळी आणि अंडी आधी कापू नका. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, एवढ्या स्वस्तात एवढी ऊर्जा देणारं दुसरं फारसं काही नाही. नुसत्या भातावर आणि ब्रेडवर काढलेला आठवडा दोन तासांनी परत भूक लावतो. पूर्ण शाकाहारी असाल आणि दूध-अंडी पैशांसाठी बंद करत असाल, तर बी-१२ची गोळी बजेटमध्ये धरा, वनस्पतींतून ते मिळत नाही.

फ्रीझरमध्ये काय आहे याची यादी दारावर लावा: पदार्थ, वाटे, तारीख. वाटा काढला की एक रेघ मारायची. आठवड्याचा बाजार लिहायला बसाल तेव्हा आधी ही यादी वाचायची आणि किमान दोन जेवणं तिथूनच काढायची.