दाताचं फिलिंग पुन्हा पुन्हा निघतंय? बाँडिंगमधल्या या चुका टाळा

हिरडीलगतचं फिलिंग सहा महिन्यांत निघालं की पहिला राग बाँडच्या, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाच्या, कंपनीवर निघतो. नवी बाटली येते, हात तोच राहतो, आणि पेशंट पुन्हा दारात. जळगाव-धुळ्याकडे मिश्री रगडून दातांच्या मानेशी खाचा पडलेली माणसं रोज येतात. या खाचेत फिलिंगला अडकायला भिंत नसते, धरून ठेवतो तो फक्त बाँड. म्हणून तर बाँडचे क्लिनिकल अभ्यास जगभर असल्याच दातांवर होतात.

आधी बाटली बघा. बऱ्याच बाँडमध्ये अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल हे द्रावक असतं. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत झाकण उघडं राहिलं तर हे द्रावक उडून जातं आणि घट्ट झालेला बाँड डेंटिनमध्ये (इनॅमलखालच्या दाताच्या थरात) शिरत नाही. बाटली लेबलवरच्या तापमानाला ठेवा. थेंब शेवटच्या क्षणी काढा. पंख्याखाली डिशमध्ये पडून राहिलेला थेंब टाकून द्या.

झिजलेलं डेंटिन काचेसारखं चकाकतं. त्यावर थेट बाँड लावू नका, बरने (ड्रिलच्या टोकाने) हलकं खरवडा. ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. धुतल्यावर हवा मारून खडखडीत वाळवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक: अ‍ॅसिडने उघडं पडलेलं डेंटिनमधल्या कोलॅजनच्या (प्रथिनाच्या) तंतूंचं जाळं चपटं होतं, बाँड वरच राहतो. ओलसर चकाकी राहू द्या. बाँड मात्र घासून लावा, मग हवेने त्यातलं द्रावक पूर्ण उडवा. ती हवा आधी आरशावर मारून बघा; पाण्याचे किंवा तेलाचे कण दिसले तर आधी कॉम्प्रेसर दुरुस्त करा.

बाँड न पोचलेलं कोलॅजन तोंडातल्या ओलीने आणि डेंटिनमधल्याच एन्झाइमने हळूहळू झिजतं. आज पक्कं वाटणारं फिलिंग दोन-तीन वर्षांनी निघतं ते यामुळे. दीर्घ अभ्यासांत तीन टप्प्यांचे एच-अँड-रिन्स (आधी अ‍ॅसिड लावून धुवायचे) आणि दोन टप्प्यांचे सौम्य सेल्फ-एच (वेगळं अ‍ॅसिड न लागणारे) बाँड चांगले टिकले, जुने एकाच बाटलीचे सेल्फ-एच मागे पडले. हिरडीची ओल आवरतच नसेल तर सरळ ग्लास आयोनोमर (दाताला आपणहून चिकटणारं सिमेंट) भरा. या जागी तो उत्तम टिकतो आणि त्यात कसलाही कमीपणा नाही.

"आप्पा, घरी दाताला काही लावलं होतं का?" हे विचाराच. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल बाँड आणि फिलिंगमधल्या रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. झिंक ऑक्साइड-युजेनॉलच्या तात्पुरत्या सिमेंटचंही तसंच, ते पूर्ण खरवडून काढा.

क्युरिंग लाइटच्या (फिलिंग कडक करणाऱ्या दिव्याच्या) टोकावर वाळलेलं कंपोझिट, म्हणजे रेझिनचं फिलिंग, चिकटलेलं असतं. ते रोज पुसा, बॅटरी चार्ज ठेवा, टोक दाताजवळ धरा.

आणि कडेला नुसती तपकिरी रेघ दिसली म्हणून चांगलं बसलेलं फिलिंग उखडू नका. प्रोब (तपासायची टोकदार सळई) अडकत नसेल, खाली कीड नसेल, तर पॉलिश पुरतं.