कृष्णविवराचं वस्तुमान श्रोत्यांकडूनच काढून घ्या

महाविद्यालयातलं कृष्णविवरावरचं व्याख्यान बरेचदा चित्रांवरच निभावलं जातं. पण तिथे कृष्णविवर आहे हे कशावरून? ५० मिनिटांत एकच गणित घ्या आणि ते श्रोत्यांना करू द्या. आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणारा एस-२ हा तारा त्यासाठी सर्वांत सोयीचा.

सुरुवात गुरूपासून करा. मधल्या वस्तूपासूनचं अंतर खगोलीय एककात (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे १) आणि प्रदक्षिणेचा काळ वर्षांत घेतला, तर अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग म्हणजे मधल्या वस्तूचं वस्तुमान, सूर्याच्या पटीत. गुरूसाठी ५.२ चा घन १४०.६, ११.८६ चा वर्ग १४०.७, उत्तर १. ही पायरी गाळू नका, सूत्रावर विश्वास इथेच बसतो.

मग एस-२. कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा अर्धा) आकाशात ०.१२५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), केंद्राचं अंतर सुमारे ८२०० पारसेक (एक पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). दोन्हींचा गुणाकार थेट खगोलीय एककात येतो: १०२५. प्रदक्षिणाकाळ १६ वर्षं. उत्तर सुमारे ४२ लाख सूर्य. कुणी १०२५ ऐवजी १००० धरले तर ३९ लाख येतात. अडीच टक्क्यांची चूक घनामुळे तिप्पट होते, हे तिथेच दाखवा.

छापील आलेखावर पट्टीने कक्षा मोजायला मात्र देऊ नका. कक्षा आपल्या दृष्टिरेषेला कललेली आहे. कागदावर दिसते ती तिची सपाट छाया, आणि केंद्रातली वस्तू खऱ्या कक्षेच्या नाभीवर (लंबवर्तुळाच्या आतल्या ठरावीक बिंदूवर) असली तरी त्या छायेच्या नाभीवर नसते. चाणाक्ष विद्यार्थी हे हमखास विचारतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्याला १५ मिनिटं ठेवा. मे २०१८ मध्ये एस-२ केंद्रापासून १२० खगोलीय एककांवरून, म्हणजे १८०० कोटी किलोमीटरवरून गेला. दर सूर्यामागे ३ किलोमीटर या हिशेबाने घटना-क्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर पडत नाही त्या सीमेची, त्रिज्या येते सव्वा कोटी किलोमीटर. म्हणजे तारा क्षितिजाच्या सुमारे १४०० पट दूरच होता. एवढ्यावरून 'कृष्णविवर सिद्ध झालं' म्हणणं घाईचं. या ताऱ्यांचा मागोवा घेणारे खगोलशास्त्रज्ञ गेन्झेल आणि गेझ यांच्या २०२० च्या नोबेलच्या मानपत्रातही 'अतिप्रचंड वस्तुमानाची संहत वस्तू' असाच उल्लेख आहे. हा सावधपणा श्रोत्यांपर्यंत पोचवाच.

पुढचा पुरावा इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याचा. कृष्णविवराच्या सावलीचा (चित्रात मध्ये दिसणाऱ्या काळ्या भागाचा) व्यास क्षितिजाच्या त्रिज्येच्या ५.२ पट, म्हणून ०.४४ खगोलीय एकक. ८२०० ने भागलं की ५३ मायक्रोआर्कसेकंद (आर्कसेकंदाचे दहालाखांश). १२ मे २०२२ रोजी जाहीर झालेल्या आकाशगंगेच्या केंद्राच्या चित्रातलं सावलीभोवतीचं तेजस्वी कडं ५२ चं आहे. कडं आणि सावली अगदी एकच नव्हेत, हे मात्र सांगा. चित्रातला नारिंगी रंग १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरींची तीव्रता दाखवायला दिलेला आहे, हेही.

स्लाइडची पार्श्वभूमी पांढरी ठेवा; उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरवर काळं राखाडी दिसतं आणि ताऱ्यांचे ठिपके हरवतात. ताऱ्यांच्या हालचालीची चित्रफीत लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवा, सभागृहातल्या वायफायवर विसंबू नका.

'सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आलं तर?' हा प्रश्न येतोच. पृथ्वीची कक्षा तीच राहील. गुरूचं सूत्र फळ्यावर असेल तर ते विद्यार्थीच सांगतात.

घरी सोडवायला एम-८७ या दूरच्या दीर्घिकेतलं कृष्णविवर द्या: कडं ४२ मायक्रोआर्कसेकंद, अंतर १.६८ कोटी पारसेक. याच रीतीने ६८० कोटी सूर्यांच्या आसपास उत्तर येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा ६५० कोटी. फरक का पडला, ते कडं आणि सावली यांच्यात शोधायला सांगा.