हनुवटी बधीर वाटली तर दाढ काढण्याआधी एवढं करा

छातीची गाठ काढून सहा वर्षं झालेली एक मावशी माझ्या दवाखान्यात आली. डावीकडची खालची दाढ हलत होती. कीड नव्हती, हिरडीही धड होती. मी दाढ काढून दिली. तीन आठवड्यांनी पाहते तर खड्डा भरायचा सोडून त्यातून लालभडक मांस वर आलेलं. बोलता बोलता म्हणाली, "चहा पिताना हनुवटीवर ओघळ येतो तो मला कळतच नाही, सून सांगते तेव्हा पुसते." तुकडा तपासायला पाठवला. छातीतलाच कॅन्सर जबड्याच्या हाडात उतरला होता.

मी आधीचा आजार विचारला नव्हता. दाताच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं, म्हणून तिनेही सांगितला नाही. आता माझ्या केसपेपरवर पहिलाच प्रश्न आहे : यापूर्वी अंगातली कुठलीही गाठ काढली आहे का? 'कॅन्सर' लिहिलं की लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात.

तोंडाचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला तंबाखू, गुटखा, मिश्रीच आठवते. हा तो नव्हे. दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरच्या पेशी बहुतेकदा रक्तातून इथे येतात. बायकांमध्ये बहुधा स्तनातून, पुरुषांमध्ये फुप्फुसातून. शिवाय मूत्रपिंड, प्रोस्टेट, थायरॉइड. प्रकार दुर्मीळ, तोंडातल्या शंभर कॅन्सरमध्ये एखादा. बसतो तो जास्त करून खालच्या जबड्यात, दाढांच्या बाजूला. कधी हिरडीवर मऊ, लाल, पटकन रक्त येणारी गाठ दिसते. साधारण चारातल्या एकाला तर मूळ आजाराचा पत्ताच नसतो, तोंडातच तो पहिल्यांदा सापडतो.

घरी तपासायचं ते असं. कापसाचं टोक पिळून बारीक करा. माणसाला डोळे मिटायला सांगा आणि खालच्या ओठावर, हनुवटीवर, आधी उजवीकडे मग डावीकडे अलगद टेकवा. "दोन्हीकडे सारखं लागतंय का?" एवढंच विचारा. एक बाजू जाड, मुंग्या आल्यासारखी वाटत असेल आणि अलीकडे तिथे मार, दाढ काढणं, भुलीचं इंजेक्शन यातलं काही झालं नसेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. खालच्या ओठाची नस जबड्याच्या हाडातूनच जाते. हाडात काही वाढलं की ती दबते. एकच दाढ कारण नसताना हलू लागली, काढलेल्या दाढेचा खड्डा भरेना, तरीही हेच करा.

खुर्चीत बसल्याबरोबर सांगा : कुठला कॅन्सर, कोणत्या वर्षी, आणि हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब चालू आहे का. ही इंजेक्शनं चालू असताना दाढ काढली तर कधी कधी जबड्याचं हाड मरून उघडं पडतं. तो कॅन्सर नसतो, पण दिसायला फसवतो. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एकत्र एक्सरे, काढतील. तो स्वच्छ आला आणि हनुवटी बधीरच राहिली तर घरी बसू नका, सीटी किंवा एमआरआयचं विचारा. सुरुवातीला एक्सरेत काहीच दिसत नाही, असंही होतं. तुकडा काढायचा तो रक्तस्राव आवरायची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्येच. मूत्रपिंडातून आलेली गाठ फार रक्त सोडते. तपासणीच्या फॉर्मवर जुना आजार लिहिलाय ना, ते स्वतः पाहा. जुन्या ऑपरेशनचे रिपोर्ट न्या, आणि जिथे ते झालं तिथून मेणातला ब्लॉक, म्हणजे तेव्हाच्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागून घ्या. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले की पॅथॉलॉजिस्टला मूळ ओळखणं सोपं जातं.

पुढचं काम कॅन्सरच्या डॉक्टरांचं. जबड्यात सापडलं म्हणजे बहुतेकदा आणखी कुठेतरीही असतं, म्हणून सगळ्या अंगाचा स्कॅन होतो. औषध मूळ अवयवाप्रमाणे ठरतं. दुखण्यासाठी रेडिएशनच्या थोड्या बैठकाही पुष्कळ आराम देतात. मावशीचा ठणका त्यानेच थांबला.

जेवण मऊ ठेवा : पेज, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली भाकरी. बधीर ओठ दाताखाली आला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री बॅटरी लावून आतून पाहा. आणि गरम काही थेट देऊ नका. मावशीची सून चहाचा थेंब आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची, बाळाचं दूध बघतात तसा.