इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधावं: ‘थॅकरे’च्या मागावर

प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी आपलं आडनाव इंग्रजीत लिहिताना विल्यम मेकपीस थॅकरे या इंग्रज कादंबरीकाराचं स्पेलिंग घेतलं, कारण त्याचं लेखन त्यांना फार आवडायचं, असं नेहमी सांगितलं जातं. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्यातलं एक स्पेलिंग अशा रीतीने मुंबईच्या पाट्यांवर आलं. ही दोन वेगळी घराणी, दोन वेगळी आडनावं. सारखी आहेत ती फक्त अक्षरं. इंग्रजी आडनावाचा इतिहास शोधायला बसणाऱ्याने हे उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावं. या कामात स्पेलिंग हा सगळ्यात कच्चा पुरावा असतो. पक्के पुरावे दोनच: गाव आणि दप्तर.

म्हणून त्याच इंग्रज थॅकरे आडनावाचा माग काढत पद्धत सांगतो. तुमच्या हातात दुसरं नाव असेल, एखाद्या जुन्या थडग्यावरचं किंवा इंग्लंडात दिलेल्या लेकीच्या सासरचं, तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: नावाची सगळी रूपं लिहून काढा

जुन्या काळी चर्चचा कारकून कानावर पडेल तसं नाव लिहायचा. सख्ख्या भावांची नावंही दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. थॅकरेचा शेवट कुठे ‘ई-आर-ए-वाय’, कुठे नुसता ‘आर-ए-वाय’, कुठे ‘आर-ए-एच’, तर कुठे मध्येच एक ‘डब्ल्यू’. कामगारांना धंद्यामुळे होणाऱ्या आजारांवर 1831 साली पुस्तक लिहिणारे लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा हेही याच आडनावाचे. एकच स्पेलिंग टाकून शोधलंत, तर अर्धी माणसं निसटतील.

दुसरी पायरी: आजपासून मागे चला

प्रसिद्ध माणूस धरून त्याच्यापासून खाली आपल्यापर्यंत यायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. जिवंत माणसापासून सुरू करा आणि एकेक पिढी मागे जा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 रोजी सुरू झाली. जन्माच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनावही मिळतं. एकाच नावाची चार मुलं एकाच गावात जन्मलेली दिसली की त्याचा फार उपयोग होतो. जोडीला जनगणना पाहा. ती 1801पासून दर दहा वर्षांनी होत आली असली, तरी घरातल्या प्रत्येकाचं नाव देशभर मिळतं ते 1841पासून. त्या वर्षी पंधरावरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, म्हणून 34 वर्षांचा माणूस 30चा दिसतो. जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गाव, 1851मध्ये लिहिला जाऊ लागला. माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना तोच. उलट 1931ची जनगणना आगीत जळाली आणि 1941ची युद्धामुळे झालीच नाही.

1837च्या मागे गेलं की चर्चची दप्तरं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम 1538 साली निघाला. इथे तारखांचा एक खड्डा आहे. 1752च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, आपल्या पाडव्याच्या आसपास. दप्तरात ‘फेब्रुवारी 1692’ दिसलं, तर आजच्या हिशेबाने ते 1693. हे माहीत नसलं, तर लेकराचं दफन त्याच्या बाप्तिस्म्याआधी झालेलं दिसतं आणि आपण दोन वेगळी मुलं समजून बसतो.

तिसरी पायरी: नाव नकाशावर मांडा

1881च्या जनगणनेची पूर्ण सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. तुमच्या आडनावाची माणसं कुठे दाटलेली आहेत ते पाहा. स्मिथ म्हणजे लोहार. ते गावोगावी असणारच. पण एखादं आडनाव एकाच भागात गोळा झालेलं असेल, तर मूळ तिथेच कुठेतरी असण्याची शक्यता मोठी. धंद्यावरून पडलेली नावंही प्रदेश सांगतात. लोकरीचं विणलेलं कापड पाण्यात तुडवून घट्ट करणारा तो उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर आणि नैर्ऋत्येला टकर. काम एकच, नावं तीन.

थॅकरेची सगळी रूपं आपल्याला यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागात, लीड्स आणि हॅरोगेटच्या परिसरात घेऊन जातात.

चौथी पायरी: जुन्यात जुनं रूप गाठा, मगच अर्थ लावा

आजच्या स्पेलिंगवरून अर्थ लावणं म्हणजे फसगत. 1379 साली यॉर्कशरमध्ये माणशी कर बसवला गेला. त्या करयादीत हे आडनाव ‘थाक्व्रा’सारख्या रूपात आणि त्याआधी ‘द’ लावून येतं. हा ‘द’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. म्हणजे हे गावावरून पडलेलं नाव, आपल्या ‘कर’सारखं. पण फरक लक्षात घ्या. मोठ्या गावाचं नाव माणसाला बहुधा ते गाव सोडल्यावर चिकटतं, जसं लिंकन शहरावरून लिंकन. लहानशा वस्तीचं नाव मात्र तिथे राहणाऱ्यालाच चिकटू शकतं. थॅकरे ही अशीच एक छोटी वस्ती होती, फ्यूस्टन पॅरिशमधल्या ग्रेट टिंबल इथली.

नाव नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतलं. 876च्या सुमारास डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी यॉर्कच्या आसपासची जमीन आपसांत वाटून घेतली आणि त्यांची भाषा तिथल्या शेताबांधांच्या नावांत मुरली. ‘थाक’ म्हणजे छप्पर शाकारायचं साहित्य, ‘व्रा’ म्हणजे आडबाजूचा कोपरा. शाकारणीचं लव्हाळं जिथे उगवतं ती बेचकी. आपल्याकडे कोकणात पावसाआधी घरं शाकारली जायची, त्यामुळे हा शब्द मला परका वाटत नाही.

ती बेचकी आज पाहता येत नाही. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी 1870च्या दशकात वॉशबर्न नदी अडवली गेली आणि जुनं थॅकरे फ्यूस्टनच्या जलाशयाखाली गेलं. धरणात गाव गेलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. नाव तेवढं उरलं, तेही माणसांच्या अंगावर.

एक इशारा. ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ म्हणून रंगीत ढाल विकणारी दुकानं पुष्कळ आहेत. पैसे घालवू नका. इंग्लंडात असं चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

पाचवी पायरी: भारतातले कागद

हॅम्प्सथ्वेट हे गाव फ्यूस्टनपासून जवळच. तिथे 1693 साली जन्मलेले टॉमस थॅकरे हॅरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांचा मुलगा विल्यम ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालला आला, विल्यमचा मुलगा रिचमंडही तिथेच अधिकारी झाला, आणि रिचमंडचा मुलगा तो कादंबरीकार, जन्म कलकत्ता, 1811. चार पिढ्यांत यॉर्कशरच्या खेड्यातून हुगळीच्या काठापर्यंत.

अशा घराण्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर पाहावं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी तिथे बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा इलाख्यांनुसार लावलेल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या दफनभूमीतलं नाव घेऊन निघाला असाल, तर मुंबई इलाख्यापासून सुरुवात करा. तो माणूस कंपनीचा ‘रायटर’, म्हणजे कारकून, किंवा लष्करातला कॅडेट असेल, तर त्याचा नोकरीचा अर्जही शोधा. अशा अर्जाला पुष्कळदा गावच्या चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. त्या दाखल्यावर पॅरिशचं नाव मिळालं की दुसऱ्या पायरीतली दप्तरं तुमच्यासाठी उघडली.