फोंडा घाट उतरण्याआधी

गौरी-गणपती झाले की आमच्या घरी मालवणचा बेत ठरतो. कोल्हापुरातून निघून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि आचऱ्यावरून मालवण ही माझी सगळ्यात लाडकी वाट. यंदा धाकटी भावंडं पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीनं निघालीत, म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितोय.

सुरुवात गाडीपासून करा, बॅगा नंतर भरा. ब्रेक लायनर, ब्रेक ऑइल आणि टायरच्या खाचा निघण्याआधी आठवडाभर तरी दाखवून घ्या, म्हणजे काही बदलायचं निघालं तर वेळ हाताशी राहील. स्टेपनीत हवा आहे का आणि जॅक-पाना जागेवर आहे का, हे स्वतः बघा. वायपरची रबरं कडक झाली असतील तर नवी घाला. दाजीपूरच्या धुक्यात आतून काच वाफाळते, तेव्हा एसीचा झोत काचेवर कसा सोडायचा ते आधीच करून बघा. घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रलमध्ये कुणीही उतरू नका, हात जोडून सांगतो. पेट्रोल-डिझेल कोल्हापुरातच भरा.

पहाटे पाचला निघा. मागच्या वर्षी परतताना आम्हाला उशीर झाला आणि दाजीपूरच्या अलीकडे अंधारात वळणावरच गव्यांचा कळप उभा दिसला. हॉर्न न वाजवता, लाइट डिम करून आम्ही थांबलो. सगळे पलीकडे जाईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. हे राधानगरी अभयारण्य आहे, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यातलं हे एक. इथला रस्ता आधी गव्यांचा आहे. म्हणून घाट उजेडातच पार करायचा. निघण्याच्या आदल्या रात्री दरड कोसळल्याची काही बातमी आहे का तेही बघून घ्या. जंगलात आत जायचं असेल तर सफारी सुरू झाली आहे का, हे वनविभागाकडे विचारा. पावसाळ्यात ती बंद असते.

अंगावरच्या कपड्यांत कोल्हापुरी चप्पल नको. भिजलं की कातडं फुगतं आणि चिखलात पाय घसरतो. पकड असलेले बूट, लांब मोजे आणि पुरचुंडीत मीठ घ्या, कारण गवतात उतरलात तर जळवा लागणारच. जळू ओढून काढायची नाही. तिच्यावर मीठ टाकलं की ती आपोआप सुटते. जखमेतून थोडा वेळ रक्त येतं, त्याला घाबरू नका. रेनकोट हाताशी ठेवा, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि किनाऱ्यासाठी सुती कपड्यांची बॅग वेगळीच करा. वर हुडहुडी भरते आणि कणकवलीत उतरलं की घामाच्या धारा लागतात.

ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि भरपूर पाणी घ्या. माकडांना मात्र काही देऊ नका, त्यानं ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. घाटात रेंज जाते-येते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवा. टॉर्च, सुटे पैसे, ओआरएस आणि नेहमीची औषधं डिकीत न टाकता वरच्या पिशवीत असू द्या.

सप्टेंबरात समुद्र अजून शांत झालेला नसतो. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडी सुटते की नाही, ते धक्क्यावर विचारा. ते नाही म्हणाले तर हट्ट नको. तारकर्लीत पाण्यात उतरण्याआधीही तिथल्या मच्छीमारांना विचारा.

आणि घट्ट झाकणाचे दोन रिकामे डबे घ्या, एक आमसुलांसाठी आणि एक सुक्या बांगड्यांसाठी. आईनं दोन्ही सांगितलंय.